डॉ. बर्नार्डो आणि आईबापांचा हक्क

वाचकहो, शब्बाथशाळेत आपल्यापैकी पुष्कळांनी लंडनच्या जिम जार्व्हिसची गोष्ट ऐकली असेल. कडाक्याच्या थंडीतील एक रात्र. गरीब मुलांची शाळा सुटते, सारी मुले पांगतात, एक मुलगा मात्र शेकोटीपाशी रेंगाळतो. शिक्षक त्याला घरी जावयास सांगतात, तेव्हा आपल्याला घर नाही, आई नाही, बापही नाही असे तो उत्तर देतो. आणि मध्यरात्री त्याच शिक्षकांना गल्लीबोळांतून नेऊन एका छपरावर, उघड्या आभाळाखाली, चिंध्या पांघरून झोपलेली मुले दाखवितो. ते तरुण शिक्षक म्हणजे थॉमस जॉन बर्नार्डो. ही हकिकत ते आयुष्यभर सांगत राहिले. सांगता सांगता तिच्यात थोडी भरही पडली असावी, परंतु तिचा गाभा खरा आहे. त्या काळच्या लंडनमध्ये अशी मुले खरोखरच होती.

जिमला आईबाप नव्हते, म्हणून त्याची गोष्ट सोपी आहे. ज्यांना आईबाप होते, आणि ज्यांच्या अंगावरील वळ त्याच आईबापांनी उठविलेले होते, अशा मुलांचे काय करावे, ह्या प्रश्नाने मात्र बर्नार्डो ह्यांना पुनःपुन्हा न्यायालयाच्या पायऱ्या चढावयास लावल्या. त्यांच्या चरित्राचा हा भाग आपल्या छोट्या पुस्तिकांत सहसा येत नाही. आज तोच आपल्यापुढे ठेवावा असे वाटते.

बर्नार्डो ह्यांचा जन्म ४ जुलै १८४५ रोजी आयर्लंडमधील डब्लिन शहरी झाला. वडील जर्मन प्रदेशातून येऊन तेथे स्थायिक झालेले, फरच्या कपड्यांचे व्यापारी होते. थॉमस हा हट्टी, वाचनाचा नादी, आणि तरुणपणी धर्माविषयी शंकेखोर असा मुलगा होता. १८६२ साली डब्लिनमध्ये संजीवनाची लाट आली असता त्यांचे मन पालटले. पुढे हडसन टेलर डब्लिनला आले, त्यांचे चीनविषयीचे आवाहन ह्या तरुणाने ऐकले, आणि चीनमध्ये सेवा करावयाची ह्या निश्चयाने १८६६ साली ते लंडनला आले. वैद्यकीय शिक्षण घेऊन मग निघावे असा बेत होता. त्याच वर्षी लंडनच्या ईस्ट एन्ड ह्या दरिद्री भागात पटकीची साथ उसळली व हजारो माणसे दगावली. त्या साथीत घरोघर फिरताना जे त्यांनी पाहिले, त्याने चीनचा बेत हळूहळू मागे पडला. ते चीनला कधीच गेले नाहीत.

१८६७ च्या सुमारास त्यांनी गरीब मुलांसाठी शाळा काढली. १८७० साली स्टेपनी कॉजवे ह्या रस्त्यावर मुलांसाठी पहिले वसतिगृह उघडले. आरंभी तेथे जागा मोजकी होती आणि पदरी असेल तेवढ्याच पैशांत भागवावयाचे असा त्यांचा नियम होता. एके रात्री अकरा वर्षांच्या एका लालसर केसांच्या मुलाला जागा नाही म्हणून त्यांनी परत पाठविले. थोड्याच दिवसांत तो मुलगा साखरेच्या एका रिकाम्या पिंपात थंडीने व उपासमारीने मेलेला आढळला. त्यानंतर दारावर पाटी लागली की कोणत्याही निराधार मुलास येथे प्रवेश नाकारला जाणार नाही. तिच्यामुळे बर्नार्डो जन्मभर कर्जात राहिले; त्यांच्या विश्वस्तांना झोप आली नसेल.

१८७३ साली सिरी एल्म्स्ली ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. लग्नाची भेट म्हणून लंडनबाहेर बार्किंगसाइड येथील एक घर त्यांना वापरावयास मिळाले, आणि तेथेच पुढे मुलींचे गाव वसले: मोठी कोठडीवजा इमारत नव्हे, तर लहान लहान घरे, प्रत्येक घरात एक आईसारखी स्त्री व मोजक्या मुली. मुलाला कुटुंब हवे असते ही गोष्ट त्यांना लवकर उमजली. ह्या दांपत्याला सात मुले झाली. त्यांतील काही अल्पवयातच गेली, आणि मार्जरी ही मुलगी जन्मतः मतिमंद होती. अपंग मुलांसाठी त्यांनी जे पुढे केले त्यात ह्या मुलीचा वाटा होता.

१८७७ सालच्या एका प्रकरणाकडे मात्र थोडे थांबून पाहावयास हवे, कारण पुढील साऱ्या गुंत्याचे बीज त्यात आहे. एका बाप्टिस्ट पाळकाने व लंडनच्या एका वजनदार दानसंस्थेने बर्नार्डो ह्यांच्यावर आरोप केले. प्रकरण लवादापुढे गेले. पैशांच्या व्यवहारात व मुलांच्या वागणुकीत लवादाने त्यांना बहुतांशी निर्दोष ठरविले. परंतु दोन गोष्टी चिकटल्या. एक म्हणजे पदवी मिळण्यापूर्वीच ते डॉक्टर म्हणवून घेत होते. एडिंबर्गची शल्यवैद्यकाची पदवी त्यांना १८७६ साली मिळाली, नावामागे डॉक्टर मात्र आधीपासून होते. दुसरी गोष्ट छायाचित्रांची. संस्थेत येण्यापूर्वीचे मूल आणि आल्यानंतरचे मूल अशी जोडचित्रे विकून ते निधी जमवीत. त्यांतील काही चित्रांसाठी मुलांना मुद्दाम फाटके कपडे घालून, न केलेले धंदे करताना दाखविले होते. बर्नार्डो ह्यांचे समर्थन असे की, हे एका मुलाचे चित्र नसून तशा हजारो मुलांचे आहे. लवादाला ते पटले नाही, आणि मला वाटते आपल्यालाही पटू नये. हेतू चांगला असला की साधनाचा हिशेब कोणी मागू नये, ही त्यांची वृत्ती येथे प्रथम उघड दिसते. ती त्यांनी सोडली असे म्हणता येत नाही.

आता कायद्याकडे वळू.

त्या काळच्या इंग्लंडच्या कायद्यात मूल हे बापाच्या अधिकारातील होते, आणि तो अधिकार जवळजवळ निरपवाद होता. १८८३ सालचा एक निकाल प्रसिद्ध आहे. एका उमरावाने आपल्या सोळा वर्षांच्या मुलीला तिच्या आईपासून दूर ठेवले होते. आई दाद मागावयास गेली तेव्हा न्यायाधीशांनी बापाच्या हक्कात हात घालण्यास नकार दिला. औरस मुलावर आईचा हक्कही असा दुबळा, तर मुलाचा स्वतःचा हक्क कोठून असणार? गुरांशी क्रूरपणे वागण्याविरुद्ध इंग्लंडमध्ये १८२२ साली कायदा झाला होता. मुलांशी क्रूरपणे वागण्याविरुद्धचा कायदा होण्यास १८८९ साल उजाडावे लागले. मधली सदुसष्ट वर्षे घोडा मुलापेक्षा अधिक सुरक्षित होता.

हाच कायदा आपल्याकडेही आला होता. मुंबईच्या ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात नारायण शेषाद्री हे नाव सर्वांना परिचित आहे. १८४३ साली त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वय बारा वर्षांच्या सुमाराचे, मिशनऱ्यांच्या घरी राहावयास आला. बापाने न्यायालयात धाव घेतली आणि मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने मुलास बापाच्या स्वाधीन केले. पुढे त्याला ज्ञातीत परत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी किती सोसले हे आपण शाळेतही वाचले असेल. आपल्या पूर्वजांना त्या वेळी तो निकाल अन्यायाचा वाटला. पण वाचकहो, शांतपणे पाहा. श्रीपतच्या बापाने मुलाचा छळ केला नव्हता. त्याला फक्त आपले पोर हवे होते. आईबापांचा हक्क म्हणजे नुसता जुलूम नव्हे. परक्याच्या चांगुलपणापासूनही गरिबाचे घर राखणारे ते कुंपण आहे. बर्नार्डो ह्यांनी जे केले ते तपासताना हा बाप डोळ्यांआड होऊ देऊ नये.

येथे एका शब्दाविषयी थोडे विषयांतर करतो. जुन्या करारात विधवेच्या जोडीने पुनःपुन्हा येणारा हिब्रू शब्द यातोम हा आहे. मराठीत आपण त्याला अनाथ किंवा पोरका म्हणतो. परंतु त्याचा अर्थ आईबाप दोन्ही गेलेला असा नाही. त्याचा बाप नाही, म्हणजे वेशीत, पंचांपुढे त्याची बाजू मांडणारा कोणी नाही. पुष्कळ ठिकाणी त्याची आई जिवंत असते. भाषांतर करताना हा अर्थ एका शब्दात बसत नाही, आणि मग मनात येते की, ज्याचा बाप जिवंत आहे पण वेशीत त्याच्यासाठी उभा राहण्याऐवजी घरात त्याच्यावर हात टाकतो, ते मूल तर यातोमहून यातोम. बर्नार्डो ह्यांच्या दाराशी आलेली बहुसंख्य मुले दोन्ही आईबाप गेलेली नव्हतीच. कोणाची आई होती, कोणाचा बाप, काहींचे दोघेही.

ह्या मुलांच्या बाबतीत घडत असे ते असे. मारहाणीने सुजलेले, उपाशी, भीक मागावयास लावलेले मूल कोणी शेजारी, कोणी पाळक, कोणी मिशनबाई स्टेपनीला आणून सोडी. तेथे त्याला अन्न, कपडे, हस्तकलेचे शिक्षण मिळे. तीन-चार वर्षांनी ते कमावण्याजोगे झाले की बाप किंवा आई दारात उभी राही आणि आपले मूल परत मागे. कायदा त्यांच्या बाजूचा होता. मूल रडत परत जाई, आणि पुष्कळदा त्याच गुत्त्याच्या दारी, त्याच रस्त्यावर दिसे. बर्नार्डो ह्यांनी असे बरेच पाहिले. मग त्यांनी ठरविले की काही मुले परत द्यावयाचीच नाहीत. ती दुसऱ्या गावी हलवावयाची, परदेशी पाठवावयाची, ठावठिकाणा सांगावयाचा नाही. ह्या कृत्याला त्यांनी स्वतःच परोपकारी अपहरण असे नाव दिले, ते छापून प्रसिद्ध केले, आणि आपण कायदा मोडतो आहोत हे उघडपणे मान्य केले. लपवाछपवी करणाऱ्यापेक्षा हे बरे, एवढे श्रेय त्यांना द्यावयास हवे.

१८८९ ते १८९२ ह्या काळात तीन मुलांची प्रकरणे गाजली. मार्था टाय ह्या मुलीचा घरी छळ होत होता असे बर्नार्डो ह्यांच्या बाजूचे म्हणणे होते. आईने तिला परत मागितले तेव्हा ती एका बाईंबरोबर परदेशी गेलेली होती. न्यायालयाने हेबियस कॉर्पसचा हुकूम काढला, म्हणजे मुलीला आमच्यापुढे हजर करा असा आदेश दिला. मुलगी आता आपल्या हाती नाही ही सबब न्यायाधीशांनी मानली नाही. दुसरा मुलगा हॅरी गॉसेज. त्याच्या आईने त्याला रस्त्यावर बाजाची पेटी फिरवून पैसे मागणाऱ्या दोन माणसांच्या हवाली केले होते. त्यांनी त्याला फोकस्टन गावी टाकून दिले, आणि तेथील एका पाळकाने त्याला स्टेपनीला पाठविले. पुढे आईच्या वतीने मागणी आली की मुलाला रोमन कॅथलिक संस्थेत द्यावे. तोवर बर्नार्डो ह्यांनी त्याला कॅनडातील एका गृहस्थाकडे सोपविले होते, आणि त्या गृहस्थाचा पत्ताही आपणाजवळ ठेवला नव्हता. हा मुलगा पुन्हा न्यायालयापुढे कधीच आला नाही. तिसरा जॉन जेम्स रॉडी. त्याची आई गरीब, अविवाहित असता तिला झालेले हे मूल, आणि ती कॅथलिक होती. तिने एका कागदावर सही करून मुलाला स्टेपनीत ठेवले, नंतर आपल्या धर्माच्या संस्थेत हलवू इच्छिले. बर्नार्डो ह्यांनी नकार दिला. हे प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले आणि १८९१ साली तेथेही ते हरले. पुढील वर्षी गॉसेज प्रकरणातही हरले.

ही तीन प्रकरणे एका माळेत ओवण्याचा मोह होतो. बर्नार्डो ह्यांनी तेच केले. पण ती सारखी नाहीत. मुलाला पेटीवाल्यांच्या हवाली करणारी आई आणि मुलाला आपल्या मंडळीच्या लोकांकडे नेऊ पाहणारी आई ह्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. रॉडीच्या आईचा अपराध कोणता? दारिद्र्य, आणि पोपच्या मंडळीशी असलेले नाते. बर्नार्डो कट्टर प्रॉटेस्टंट होते. कॅथलिकांच्या हाती मूल जाणे आणि दारुड्याच्या हाती जाणे ह्यांतील भेद त्यांना कधीकधी दिसेनासा होई. न्यायाधीशांना तो दिसला, हे बरे झाले.

परंतु ह्या हरण्यातूनच काही निष्पन्न झाले. न्यायालयांत मुलांची नावे पुकारली जात असताना वर्तमानपत्रे वाचणाऱ्या सामान्य माणसाला प्रथमच प्रश्न पडला की, ज्याने मुलाला टाकले किंवा विकले त्याचा हक्क तसाच कसा उरतो? १८८९ साली काँग्रिगेशनल पाळक बेंजामिन वॉ ह्यांच्या अथक खटपटीने मुलांच्या छळाविरुद्धचा पहिला कायदा संमत झाला. मुलाचा छळ केल्याबद्दल आईबाप दोषी ठरले, तर चौदा वर्षांखालील मुलगा व सोळा वर्षांखालील मुलगी त्यांच्याकडून काढून योग्य व्यक्तीच्या हाती देण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. त्याच वर्षी टाकून दिलेल्या मुलांवरील आईबापांचे अधिकार गरीबखान्याच्या अधिकाऱ्यांना स्वतःकडे घेता येतील अशी तरतूद झाली. आणि १८९१ साली मुलांच्या ताब्याविषयीचा कायदा आला. त्यासाठी बर्नार्डो व त्यांच्या मित्रांनी फार प्रयत्न केले होते, म्हणून लोक त्याला बर्नार्डो कायदाच म्हणू लागले.

त्या कायद्यात काय होते ते नीट पाहण्यासारखे आहे. आईबापांनी मुलाला टाकले असेल, किंवा त्यांचे वर्तन असे असेल की त्यांचा हक्क अंमलात आणणे न्यायालयाला उचित वाटू नये, तर मूल परत देण्याचा हुकूम नाकारण्याची मुभा न्यायालयाला मिळाली. दुसऱ्याने पदरचा खर्च करून मूल वाढविले असेल तर तो खर्च मागणाऱ्या आईबापांना भरावा लागेल असे ठरविता येऊ लागले. ज्यांनी दीर्घकाळ आपले कर्तव्य टाकले, त्यांना मूल परत हवे असल्यास आपण आता लायक आहोत हे त्यांनीच पटवून द्यावयाचे. मुलाने कोणत्या धर्मात वाढावे ह्याविषयीचा आईबापांचा अधिकार मात्र राखला गेला, आणि मुलाची स्वतःची इच्छा विचारण्याचा न्यायालयाचा अधिकारही.

वाचकहो, ह्यात एक गोष्ट ध्यानी आली का? बर्नार्डो ह्यांना ह्या कायद्याने मूल उचलून नेण्याचा कोणताही अधिकार दिला नाही. अधिकार मिळाला तो न्यायाधीशांना. आईबापांच्या हातून जे काढावयाचे ते परोपकाऱ्याच्या हाती पडता कामा नये. ते वेशीत, सर्वांसमोर, दोन्ही बाजू ऐकूनच काढले पाहिजे. मोशेच्या नियमशास्त्रात हीच वाट आहे. बंडखोर मुलाविषयीचा अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायातील नियम वाचताना आपल्या अंगावर काटा येतो. परंतु त्यात एक गोष्ट अशी आहे की, बापाला घरच्या घरी निकाल लावता येत नाही. त्याला व आईला मुलाला घेऊन वेशीपाशी वडीलजनांपुढे यावेच लागते. रोमन कायद्यात बापाला मुलाच्या जिवावरही अधिकार होता. इस्राएलात तो वेशीपाशी संपत असे.

आणि लेवीयाच्या विसाव्या अध्यायात, मोलेखाला आपले मूल देणाऱ्या मनुष्याविषयी जे सांगितले आहे, ते तर आपल्या उपासनांत क्वचितच वाचले जाते. तेथे देव त्या बापाविरुद्ध होतोच, परंतु शेजारीपाजाऱ्यांनी ते पाहून न पाहिल्यासारखे केले तर तो त्या बापाच्या घराण्यावरही आपली दृष्टी वळवितो. आपण मुलांना पाचवी आज्ञा तोंडपाठ करवितो, ते योग्यच आहे. पण मारझोडीने काळ्यानिळ्या झालेल्या, किंवा त्याहूनही लज्जास्पद अत्याचार सोसणाऱ्या मुलाला तीच आज्ञा ऐकवून घरी परत पाठविणारे आपल्या मंडळ्यांत कोणी नाहीत असे छातीवर हात ठेवून म्हणता येईल का?

मराठीत आपण मुलाचा ताबा म्हणतो आणि शेताचाही ताबाच म्हणतो. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी न्यायाधीशाच्या मनात काय होते हे समजावून घेण्यास हा एक शब्द पुरे.

ह्या चरित्राची दुसरी बाजूही सांगितल्याखेरीज गत्यंतर नाही. १८८२ साली बर्नार्डो ह्यांनी मुलांची पहिली तुकडी कॅनडाला पाठविली. तीत ५१ मुलगे होते. त्यांची कल्पना अशी की, लंडनच्या धुरातून व वाईट संगतीतून सुटून मूल मोकळ्या हवेत शेतकऱ्याच्या घरी वाढेल, आणि मागून आईबाप हात पसरू शकणार नाहीत. संस्थेत प्रवेश देतानाच ते आईबापांकडून कॅनडास पाठविण्याची संमती लिहून घेत. जे आईबाप वाईट आहेत असे संस्थेचे मत असे, त्यांना कधीकधी जहाज सुटल्यानंतर कळविले जाई. १९३९ पर्यंत ह्या एका संस्थेने ३०,००० च्या आसपास मुले कॅनडाला धाडली. पुष्कळांचे तेथे भले झाले. शेते घेतली, घरे थाटली. पुष्कळांना तेथे स्वस्त मजुरापलीकडे कोणी मानले नाही. निरीक्षक नेमलेले होते, परंतु अंतरे अफाट, मुले हजारो, आणि वर्षातून एखाद्या भेटीत मूल मालकिणीसमोर काय बोलणार? १८९५ साली ऑन्टारिओ प्रांतात जॉर्ज ग्रीन हा मुलगा एका शेतावर मरण पावला. त्याच्या शरीरावर उपासमारीची व मारहाणीची चिन्हे आढळली. शेताच्या मालकिणीवर खटला झाला. ज्यूरीचे एकमत झाले नाही. जन्मदात्यांच्या छळापासून मुले सोडविणाऱ्या संस्थेचा हा मुलगा होता. समुद्रापलीकडे त्याच्या बाजूने वेशीत उभा राहणारा कोणी नव्हता.

मुलांना अशा रीतीने दूरदेशी पाठविण्याच्या धोरणाबद्दल ब्रिटनच्या पंतप्रधानांनी २०१० साली संसदेत क्षमा मागितली, आणि २०१७ साली कॅनडाच्या प्रतिनिधिगृहानेही.

मग बर्नार्डो चुकले का? मला हा प्रश्न असा एका वाक्यात सोडविता येत नाही. ज्या रात्री एखादी सुजलेल्या तोंडाची मुलगी दारात उभी असते आणि कायदा तिला परत पाठवा म्हणतो, त्या रात्री कायदा मोडणारा मनुष्य मला पाळणाऱ्यापेक्षा अधिक ख्रिस्ती वाटतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने न्यायाधीशाकडे जावयास हवे होते, आपला निकाल तपासून घ्यावयास हवा होता. बर्नार्डो ह्यांची रात्र बरोबर होती. सकाळी मात्र ते पुष्कळदा गेलेच नाहीत, त्यांना ओढून न्यावे लागले. गरिबी आणि क्रूरता ह्यांतील रेषा त्यांनी एकट्याने आखली, आणि ती कधीकधी चुकीच्या घरातून गेली.

आपल्या देशात ख्रिस्ती बोर्डिंगांची व बालगृहांची परंपरा मोठी आहे, म्हणून हे आपल्यासाठी परक्याचे नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार ज्या मुलाला आईबाप इजा करतात, राबवून घेतात, किंवा जे त्याला सांभाळण्यास असमर्थ वा अपात्र आहेत, ते मूल काळजी व संरक्षणाची गरज असलेले मानले जाते, आणि त्याला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. समितीच्या आदेशावाचून संस्थेला ते ठेवून घेता येत नाही. आईबाप स्वखुशीने मूल सोडून देत असतील तरी त्यांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. आपल्यातील काही संस्थाचालकांना ह्या कागदपत्रांचा जाच वाटतो, ह्यात सरकारचा संशय दिसतो. तो संशय कधी असेलही. पण रॉडीच्या आईला असे दोन महिने मिळाले असते तर बरे झाले असते.

बर्नार्डो १९ सप्टेंबर १९०५ रोजी हृदयविकाराने वारले. साठ वर्षांचे होते. त्यांच्या हयातीत सुमारे ६०,००० मुले त्यांच्या दारातून आत आली होती. मृत्यूसमयी साडेआठ हजार मुले त्यांच्या घरांत वाढत होती, आणि संस्थेवर प्रचंड कर्ज होते. ईस्ट एन्डच्या रस्त्यांतून अंत्ययात्रा निघाली तेव्हा दुतर्फा माणसे दाटली होती. बार्किंगसाइड येथे मुलींच्या गावात त्यांचे स्मारक आहे.

ज्या छायाचित्रांमुळे १८७७ साली त्यांची नाचक्की झाली, ती काढणे मात्र त्यांनी थांबविले नाही. फक्त फाटके कपडे मुद्दाम घालणे थांबले. येणाऱ्या मुलांची चित्रे नोंदवहीसाठी निघत राहिली, आणि त्यांच्या मृत्यूपर्यंत ५५,००० हून अधिक जमली. १९९५ साली बीबीसीने ह्या संस्थेतील मुलांवर एक माहितीपट दाखविला, तेव्हा हजारो माणसांनी आपल्या किंवा आपल्या वाडवडिलांच्या नोंदी मागितल्या. आजही कॅनडातील नातवंडे-पतवंडे त्या मागवितात. पाकिटातून एक लहानसे चित्र निघते, कोठून आला, कोणी आणले, अंगावर कोणत्या खुणा होत्या ह्याची टिपणे निघतात, आणि क्वचित परदेशी पाठविण्याच्या संमतीचा कागद. काही कागदांवर आईची सही असते. काहींवर निरक्षर हाताने काढलेली फुली असते. काहींवर ती जागा कोरी असते.